चतुःसीमा: इस्रायल-पॅलेस्टाईनमधील सहा दिवस

सोमवार, ३० ऑक्टोबर २०१७. तेल अवीव

अलिबागच्या दिवाणी न्यायालयात एकतीस वर्षे जमिनीचे दावे चालवल्यामुळे मला एक खोड जडली आहे. कोणी 'ही जमीन आमची' म्हणाले की मी आधी कागद मागतो, कागद नसेल तर वहिवाट विचारतो आणि वहिवाटीवरही वाद असेल तर साक्षीदार कोण ते पाहतो. दक्षिण इस्रायलमधील डिमोना येथे राहणाऱ्या, मूळच्या आमच्या रेवदंड्याच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणी ज्यू, काकांनी "एकदा येऊन जा" असे निरोप पाठवून पाठवून मला बोलावले, तेव्हा ही खोड घरी ठेवून जायचे मी ठरवले होते. तो निश्चय पहिल्याच दिवशी मोडला.

रॉथशिल्ड मार्गावर एक बसके, साधे घर आहे. शहराचे पहिले महापौर मेइर डिझेनगॉफ यांचे हे घर पुढे कलासंग्रहालय झाले आणि १४ मे १९४८ रोजी, शुक्रवारी दुपारी चार वाजता, याच दालनात डेव्हिड बेन-गुरियन यांनी इस्रायलच्या स्थापनेचा जाहीरनामा वाचला. पॅलेस्टाईनवरच्या ब्रिटिश अंमलाची मुदत मध्यरात्री संपत होती, पण सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होणार होता, म्हणून दुपारची घाई. जाहीरनाम्याचे पहिलेच वाक्य सांगते की ज्यू लोकांचा जन्म याच भूमीत झाला. पुढे इतिहास येतो, युरोपातील संहार येतो, संयुक्त राष्ट्रांचा १९४७ चा फाळणीचा ठराव येतो (त्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या तेरा देशांत भारत होता, हे तेथील मार्गदर्शकाने माझ्याकडे पाहत हसून सांगितले) आणि धर्म, वंश व लिंग यांचा भेद न करता सर्व नागरिकांना समान हक्क देण्याचे वचनही येते. देवाचे नाव घालावे की नाही यावर धार्मिक आणि निधर्मी सदस्यांत अखेरपर्यंत ओढाताण झाली. शेवटी 'त्सूर यिस्रायल', म्हणजे 'इस्रायलचा खडक', हा शब्द ठेवला गेला, ज्याचा अर्थ भाविकाने देव असा घ्यावा आणि इतरांनी आपल्याला हवा तो घ्यावा.

मला मात्र त्या मसुद्यात जे नाही तेच अधिक खुपले. राज्याच्या सीमा त्यात दिलेल्या नाहीत, आणि ही नजरचूक नव्हती. बेन-गुरियन यांनी विचारपूर्वक तसा आग्रह धरला होता. चतुःसीमा नसलेला दस्त आमच्याकडे दुय्यम निबंधक नोंदवून घेणार नाही. ज्या लढाईने त्या सीमा पुढे ठरवल्या, तिच्यात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब घरांवाचून झाले आणि त्यांच्या भाषेत त्या वर्षाचे नाव 'नकबा', म्हणजे अरिष्ट, असे पडले.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर. जेरुसलेम

सकाळी सात वाजल्यापासून मी मुघराबी दरवाजाच्या रांगेत उभा होतो. ज्या टेकडीला ज्यू 'मंदिराचा डोंगर' आणि मुसलमान 'हरम अल-शरीफ' म्हणतात, तिच्यावर बिगर-मुसलमानांना याच एका दारातून, ठरावीक वेळात जाता येते. दारापाशी मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कचेरीचा फलक आहे: या जागेच्या पावित्र्यामुळे तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या, नियमानुसार येथे प्रवेश करण्यास मनाई आहे. तो फलक वाचून पुढे जाणारे धार्मिक ज्यू माझ्या पुढच्याच रांगेत होते. त्यांना वर जाण्याची परवानगी आहे, प्रार्थना करण्याची नाही. जून १९६७ च्या युद्धात टेकडी इस्रायलच्या ताब्यात आली, त्यानंतर थोड्याच दिवसांत संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी आवाराची व्यवस्था मुस्लिम वक्फाकडेच राहू दिली. ताबा एकाचा, वहिवाट दुसऱ्याची, अशी ही योजना तेव्हापासून चालत आली आहे. ती किती नाजूक आहे हे जुलै महिन्यात जगाने पाहिले. दोन पोलिसांच्या हत्येनंतर मुसलमानांच्या दारांवर धातुशोधक चौकटी बसवल्या गेल्या, हजारो लोकांनी आत जाण्याऐवजी रस्त्यावरच नमाज पढला आणि दहा-बारा दिवसांत चौकटी काढाव्या लागल्या. चार चौकटींवरून एवढे रण का पेटावे, असे मला तेव्हा वर्तमानपत्र वाचताना वाटले होते. पण ज्याने बांधाच्या एका दगडावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे पाहिले आहेत, त्याला तरी तसे वाटायला नको होते.

तपासणीवरच्या तरुणाला माझ्या पिशवीत हरिपाठाची छोटी पुस्तिका सापडली. धार्मिक साहित्य वर नेता येत नाही. त्याने पाने चाळली, लिपी हिब्रू नाही आणि अरबीही नाही एवढी खात्री करून घेतली आणि ती परत दिली.

वर गेल्यावर आधी मोकळेपणाच जाणवतो. ऑलिव्हची आणि सायप्रसची झाडे, सावलीत बसलेल्या बायका, चेंडू खेळणारी मुले आणि मधोमध इ.स. ६९१-९२ मध्ये खलिफा अब्द अल-मलिक याने उभारलेला सोनेरी घुमट. घुमटाखालच्या खडकावरून प्रेषितांनी स्वर्गारोहण केले, अशी मुस्लिम श्रद्धा; त्याच जागी शलमोनाचे आणि नंतर इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलेले दुसरे मंदिर होते, ही ज्यू परंपरा. दावीद राजाने हे खळे अरौना यबूसी याच्याकडून पन्नास शेकेल रुपे मोजून विकत घेतले, असा उल्लेख बायबलमध्ये आहे. दर काही मिनिटांनी धार्मिक ज्यूंचा एखादा गट पोलिसांच्या गराड्यात कडेकडेने जाई, वक्फाचे पहारेकरी त्यांच्या ओठांकडे निरखून पाहत आणि ओठ हलताना दिसले की आरडाओरडा होई. कोणी मनात प्रार्थना केली तर ती कोणत्या पुराव्याने सिद्ध करणार, हा प्रश्न मला माझ्या धंद्यामुळे पडला.

खाली उतरताना लाकडी पुलावरून, ज्यू जिच्यापाशी प्रार्थना करतात त्या पश्चिम भिंतीपुढचे विस्तीर्ण पटांगण दिसते. सलाउद्दीनच्या मुलाने उत्तर आफ्रिकेतून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी वक्फ केलेली मोरोक्कन वस्ती येथे पावणेआठशे वर्षे होती. युद्ध थांबताच, जून १९६७ मध्ये, ती पाडून हे पटांगण करण्यात आले. त्यापूर्वीची एकोणीस वर्षे, शहराचा हा भाग जॉर्डनकडे असताना, ज्यूंना भिंतीपर्यंत येताच येत नव्हते, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. भिंतीपाशी पुरुषांचा भाग मोठा आणि स्त्रियांचा लहान आहे. स्त्री-पुरुषांनी एकत्र प्रार्थना करण्यासाठी स्वतंत्र जागा देण्याचा करार मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मान्य केला आणि गेल्या जूनमध्ये गुंडाळून ठेवला, तेव्हा अमेरिकेतील ज्यूंनी मोठा संताप व्यक्त केला. एकूण काय, घरातल्या वाटण्याही अजून झालेल्या नाहीत.

बुधवार, १ नोव्हेंबर. जेरुसलेम

आज पायपीट फार झाली. पवित्र कबरीच्या चर्चमध्ये सहा ख्रिस्ती पंथांचा वाटा आहे, आणि त्यांचा परस्परांवर एवढा विश्वास आहे की मुख्य दाराची किल्ली शतकानुशतके एका मुसलमान घराण्याकडे आणि दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे आहे. दर्शनी भिंतीवरच्या खिडकीखाली एक लाकडी शिडी आहे. ती कोणाच्या हद्दीत येते यावर एकमत नसल्याने पिढ्यान्‌पिढ्या ती तेथेच ठेवलेली आहे. आमच्या तालुक्यात असा एक रहाट आहे.

हेरोद दरवाजाजवळ भारतीय धर्मशाळा आहे. पंजाबचे सूफी संत बाबा फरीद बाराव्या-तेराव्या शतकात येथे येऊन साधना करून गेले, अशी परंपरा आहे. १९२४ पासून सहारनपूरहून आलेले एक कुटुंब तिची व्यवस्था पाहते. अंगणात लिंबाच्या झाडाखाली मला चहा मिळाला आणि तो आपला, उकळलेला मिळाला.

संध्याकाळी मेआ शआरीम या कर्मठ ज्यू वस्तीतून गेलो. भिंतींवर डकवलेल्या काळ्या अक्षरांच्या पत्रकांपैकी काही, सोबतच्या मित्राने वाचून दाखवली, ती चक्क इस्रायल या राज्याच्या विरोधात होती. तालमूद या ज्यू धर्मग्रंथातील तीन शपथांचा दाखला देऊन हे लोक म्हणतात की मसीहा, म्हणजे तारणहार, येण्यापूर्वी ज्यूंनी बळाने आणि सामुदायिकपणे या भूमीत परतता कामा नये, सबब १९४८ चे राज्य हेच पाप होय. सगळे ज्यू एका बाजूला आणि सगळे अरब दुसऱ्या बाजूला अशी जी मांडणी आपल्याकडे चहाच्या टपरीवर चालते, तिला या गल्लीत जागा नाही.

गुरुवार, २ नोव्हेंबर. हेब्रॉन

तारीख मुद्दाम निवडली होती. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, २ नोव्हेंबर १९१७ रोजी, ब्रिटिश परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर यांनी ब्रिटनमधील ज्यू पुढारी लॉर्ड रॉथशिल्ड यांना एक लहानसे पत्र लिहिले आणि पॅलेस्टाईनमध्ये ज्यू लोकांचे 'राष्ट्रीय घर' उभारण्यास सरकार अनुकूल असल्याचे कळवले. तेव्हा तेथील दहांपैकी नऊ लोक अरब होते, पण पत्रात 'अरब' हा शब्दच नाही. 'विद्यमान बिगर-ज्यू समाज' असा त्यांचा उल्लेख आहे आणि त्यांचे नागरी व धार्मिक हक्क सुरक्षित राहतील असे म्हटले आहे. राजकीय हक्कांविषयी मौन आहे. आश्वासन देणारा मालक नव्हता. पत्र लिहिले गेले त्या दिवशी जेरुसलेम अजून तुर्कांकडेच होते.

या पत्राला त्या सरकारातून सर्वांत कडवा विरोध केला तो एका ज्यू मंत्र्याने, आणि तो मंत्री आपल्या ओळखीचा आहे: माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधले एडविन माँटेग्यू. ऑगस्ट १९१७ मध्ये भारताला टप्प्याटप्प्याने स्वराज्य देण्याची घोषणा करणाऱ्या या भारतमंत्र्याने त्याच महिन्यात आपल्या सहकाऱ्यांना टिपण लिहून विचारले की ज्यूंचे राष्ट्र पॅलेस्टाईन असे एकदा जाहीर झाले, तर इंग्लंडमधला ज्यू स्वतःच्या देशात परका ठरणार नाही काय. अन्य देशांतील ज्यूंच्या हक्कांना धक्का लागणार नाही, हे पत्रातले शेवटचे कलम या भीतीपोटी आले. आज लंडनमध्ये शताब्दीची मेजवानी आहे आणि रामल्ला व नाब्लुस या पॅलेस्टिनी शहरांत निषेधाचे मोर्चे.

जाड काचांच्या बसने इस्रायली ताब्यातील वेस्ट बँकमधल्या हेब्रॉनला उतरलो. चौकीवरच्या सैनिकाने धर्म विचारला. "हिंदू" म्हणताच त्याचा चेहरा खुलला, "गोवा!" म्हणत त्याने पारपत्र परत दिले आणि मी मशिदीच्या आणि सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराच्या, अशा दोन्ही दारांनी आत जाण्यास पात्र ठरलो, जे त्या ज्यू सैनिकाला किंवा समोरच्या मुसलमान फुलदाणीवाल्याला शक्य नव्हते.

हेरोद राजाच्या काळातील प्रचंड दगडी भिंतींच्या आत अब्राहामाचे, म्हणजेच इब्राहिमाचे, कबरस्थान आहे. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातील तेविसावा अध्याय मी रात्रीच पुन्हा वाचला होता आणि वकील म्हणून मला तो फारच आवडतो. पत्नी साराच्या मृत्यूनंतर अब्राहाम हित्ती लोकांपुढे उभा राहून म्हणतो की मी तुमच्यात परका आणि उपरा आहे, मला पुरण्यापुरती जागा द्या. शेताचा मालक एफ्रोन म्हणतो, अशीच घ्या. अब्राहाम ऐकत नाही. नगराच्या वेशीत सर्वांच्या देखत चारशे शेकेल रुपे तोलून देतो, आणि मग मजकूर येतो: शेत, त्यातील गुहा आणि चोहोकडच्या सीमेच्या आतील सर्व झाडे. मोबदला आहे, साक्षीदार आहेत, चतुःसीमा आहे, झाडाझुडपांसह विक्री आहे. ज्यू परंपरा म्हणते की म्हणूनच ही जागा आम्ही बळकावली असे कोणी म्हणू शकत नाही. विरुद्ध पक्षाचा वकील याच दस्तावर बोट ठेवून म्हणेल की खरेदीदाराने स्वतःला परका म्हटले आहे. आणि दोन अध्याय पुढे असे लिहिले आहे की अब्राहामाला इसहाक आणि इश्माएल या दोन्ही मुलांनी मिळून येथे पुरले. इसहाकाचे वंशज ज्यू, इश्माएलचे अरब. वारसनोंदीला दोन्ही नावे आहेत.

प्रत्यक्षात मात्र वाटणी भिंतीने झाली आहे. मशिदीच्या बाजूला इसहाक आणि त्याची पत्नी रिबेका यांची थडगी, सिनेगॉगच्या बाजूला त्यांचा मुलगा याकोब आणि सून लेआ यांची. अब्राहामाचे थडगे मधोमध, दोन्हीकडून जाळीच्या खिडकीतून दिसणारे, मध्ये बंदुकीची गोळी अडवणारी काच. मी आधी मशिदीतून पाहिले आणि अर्ध्या तासाने, दुसऱ्या दाराने जाऊन, सिनेगॉगमधून पाहिले. हिरवी भरजरी चादर तीच होती. पलीकडच्या खिडकीत, मी मघाशी उभा होतो तेथे, एक म्हातारा जाळीला कपाळ टेकून उभा होता.

या काचेमागे रक्त आहे. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, रमजानच्या पहाटे, बारुख गोल्डस्टाइन या ज्यू वसाहतीतल्या डॉक्टरने नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना गोळ्या घालून मारले. त्यानंतर इमारतीची आजची विभागणी झाली. त्याही आधी, ऑगस्ट १९२९ मध्ये, याच शहरात जमावाने ६७ ज्यूंची कत्तल केली, तेव्हा अनेक ज्यू कुटुंबांना अरब शेजाऱ्यांनीच घरात लपवून वाचवले होते. आणि १९६७ पर्यंतची जवळपास सातशे वर्षे ज्यूंना या इमारतीच्या बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंतच येऊ देत. सिनेगॉगमधल्या स्वयंसेवकाने मला सातवी पायरी सांगितली, १९२९ सांगितले, पण १९९४ सांगितले नाही. मशिदीतल्या वाटाड्याने १९९४ सांगितले, गोळ्यांच्या खुणा दाखवल्या, १९२९ सांगितले नाही. मी दोघांनाही उरलेले साल विचारले. दोघांनीही "ते वेगळे" असे उत्तर दिले.

गेल्या जुलैत युनेस्कोने हेब्रॉनचे जुने शहर पॅलेस्टाईनच्या नावे जागतिक वारसा म्हणून नोंदवले. इस्रायलने याला इतिहासाचा विपर्यास म्हटले आणि गेल्याच महिन्यात अमेरिकेने युनेस्को सोडण्याची घोषणा केली. फेरफार नोंदीवरचे हरकतीचे अर्ज म्हणतात ते हेच. शुहदा मार्गावर बंद दुकानांच्या दारांना डाग देऊन ती कायमची सांधलेली आहेत. जुन्या बाजारात गल्लीच्या डोक्यावर जाळ्या बांधल्या आहेत आणि वरच्या मजल्यांवरील वसाहतवाल्यांनी फेकलेला कचरा त्यांत अडकलेला दिसतो. काचकाम विकणाऱ्याकडून मी एक निळी वाटी घेतली.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर. जेरुसलेम ते डिमोना

शुक्रवारी बसगाड्या दुपारीच बंद होतात, त्यामुळे स्कोपस टेकडीवरचे हिब्रू विद्यापीठ धावतपळत पाहिले. येथील पहिले कुलपती यहुदा माग्नेस आणि तत्त्वज्ञ मार्टिन बूबर हे ज्यू आणि अरब यांचे एकच द्विराष्ट्रीय राज्य व्हावे, या मताचे होते. गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये 'हरिजन'मध्ये लिहिले की इंग्लंड जसे इंग्रजांचे तसे पॅलेस्टाईन अरबांचे, तेव्हा दोघांनीही त्यांना १९३९ मध्ये सविस्तर पत्रे धाडली. बूबरचे म्हणणे असे की दावे दोन आहेत, दोन्ही खरे आहेत, आणि एकाने दुसऱ्याचा रद्द होत नाही. उत्तर आले नाही. गांधीजींची ज्यूंविषयीची सहानुभूती खरी होती, पण जर्मनीतील ज्यूंना त्यांनी त्याच लेखात दिलेला सत्याग्रहाचा सल्ला मला आजही पचत नाही.

बीरशेबाच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या झोपड्या, उंट आणि पाण्याच्या टाक्या दिसू लागल्या. सरकारदरबारी मान्यता नसलेली ही बेदुइनांची, म्हणजे मूळच्या भटक्या अरबांची, गावे. १९२१ मध्ये ब्रिटिशांनी पडीक जमीन कसणाऱ्यांना नोंदणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. बेदुइनांनी, आमच्याकडच्या डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांप्रमाणेच, नोंदणी केली नाही. आणि न्यायालयांनी पुढे ती जमीन सरकारची ठरवली. अल-अराकीब नावाचे गाव शंभराहून अधिक वेळा पाडले गेले आहे आणि तितक्याच वेळा लोकांनी पुन्हा उभारले आहे.

काका थांब्यावर काठी टेकून उभे होते. वय ऐंशी. "आलास रे? काकू कधीची वाट बघतंय," म्हणाले, आणि मी वाळवंटातून एकदम कुंडलिकेच्या खाडीवर आलो. मेणबत्त्या लागल्या, काकांनी काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दूश, म्हणजे शब्बाथची प्रार्थना, म्हटला आणि जेवायला नारळाच्या दुधातली कोंबडी होती, कारण मांसाबरोबर जनावराचे दूध चालत नाही. ही सोय कोकणातच जमावी.

शनिवार, ४ नोव्हेंबर. डिमोना

शब्बाथ असल्याने सकाळी सिनेगॉग आणि नंतर नुसत्या गप्पा. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढेच वाचले. ते तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून आमच्या गावांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले. काका म्हणाले, "रेवदंड्यात आम्हाला कोणी कधी त्रास दिला नाही." ते खरे आहे. माझ्या आजीने त्यांच्या घरच्या माणसांसाठी वेगळी कपबशी ठेवली होती, हेही खरे आहे, आणि ते काकांना माझ्याइतकेच ठाऊक असूनही त्यांनी ते काढले नाही.

काका १९६३ मध्ये येथे आले आणि वर्षभरात लग्न ठरले. नोंदणी करणाऱ्या रब्बीने पुरावा मागितला: आई ज्यू कशावरून, आजी कशावरून, तिच्या मागे कोण. १९६२ पासून मुख्य रब्बींच्या आदेशाने बेने इस्रायलांची लग्ने अशी तपासली जात होती. "पणजीच्या लग्नाचा दाखला आणू कुठून? समुद्रातनं?" काका आजही चिडून बोलत होते. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले, उपोषणे झाली, आणि ऑगस्टमध्ये संसदेने विशेष बैठकीत ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केल्यावर रब्बींना आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले. काकांचे लग्न त्यानंतर झाले.

कायदा शिकणारी त्यांची नात हे ऐकत होती. तिने हिब्रूत काहीतरी विचारले आणि काकांचा आवाज चढला. काकूंनी मला हळूच मराठी करून सांगितले: "ती म्हणते, बेदुइनांकडे कागद मागताना तुम्हाला स्वतःचं काही आठवत नाही का." काकांचे उत्तर असे की आपल्याला जगात दुसरा देश नाही, अरबांना बावीस आहेत. नात म्हणाली की ज्याचे घर पाडले त्याचे घर बावीस देशांत नव्हते. मग दोघेही गप्प झाले आणि काकूंनी करंज्या आणल्या.

आकाशात तीन तारे दिसले, शब्बाथ उतरला. माझी बस आठला होती. काकांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला: १९६३ चे, रेवदंड्याची वाडी विकल्याचे खरेदीखत, काकांनी ठेवलेली नक्कल. "आता सातबारावर कोणाचं नाव आहे, ते बघता येतं म्हणतात ना मोबाइलवर?" मी महाभूलेख उघडले, कोकण विभाग, रायगड, अलिबाग, गाव, आणि खरेदीखतातला सर्व्हे नंबर व हिस्सा. बऱ्याच वेळाने उतारा आला. कब्जेदाराचे नाव काकांनी दोनदा वाचायला लावले. ओळखीचे नव्हते.

"बरं, ते राहू दे," ते म्हणाले. "खाली बाराच्या रकान्यात बघ. माड लिहिलेत का?"

लिहिले होते. नारळ, सुपारी.